एका रेघेने

सकाळी आठला पेशींना जेवायला घालते.
अ‍ॅबरडीनला डिसेंबरात आठला उजाडत नाही,
खिडकीबाहेर इमारती आणि आभाळ
एकाच खाणीतून काढल्यासारखे.
इन्क्युबेटरचं दार उघडलं की सदतीस अंश.
या गावात एवढी ऊब फक्त त्या कपाटात.

फ्लास्कवर लिहिलंय : स्त्री, ७१, डावा खुबा.
सांधा बदलताना काढलेला गोळा
बर्फाच्या डब्यातून आला, सही केलेल्या कागदासकट.
नाव आम्हाला कळवत नाहीत.
ती आत्ता युनियन स्ट्रीटवर असेल,
नव्या धातूवर जरा जपून चालत,
पिशवीत धुरावलेला हॅडॉक,
आणि तिच्या हाडाचे गवंडी
इथे तळाशी चिकटून कामावर,
मालकीण गेली हे न कळलेले.

त्यांना पाणी बिनरंगाचं.
बाकीच्या प्रयोगांत गुलाबी चालतं, यात नाही :
तो गुलाबी रंगसुद्धा, इशबेल म्हणाली,
हार्मोनच्या बोलीतलं थोडं बोलतो,
पेशी फसतात.
म्हणून तो काढलेला, सीरम कोळशातून गाळलेलं.
एवढं सोवळं तर आमच्या सासूबाईंनीही पाळलं नाही.

पहिली रांग : नुसता अल्कोहोल, थेंबभर.
दुसरी : गोळीतला रेणू, कारखान्यातून आला तसा.
तिसरी : तोच,
पण यकृतातून जाऊन आल्यावर होतो तो.
चार हायड्रोजन अंगावर चढलेले,
बाकी नाकडोळे तेच.

दुसरी रांग गप्प.
तिसरीत पेशी दाटल्या,
आकडे चढले, पुन्हा करून पाहिलं, पुन्हा चढले.
मूळ नावाने हाक मारली तेव्हा
जे दार हललंही नाही
ते या नव्या नावाला किलकिलं झालं.

मिरजेला, एकोणनव्वद साली,
ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं गेलं : सुनेत्रा.
तोवर मी बिंबा होते.
लोक हसले, कुणीतरी पेढा भरवला,
तांदूळ नंतर भातात गेले असणार.
पासपोर्ट, पगार, बिल्ला, सगळं सुनेत्राच्या नावाने उघडलं.
बिंबाला एकही दार आठवत नाही म्हणावं,
तर तेही खरं नाही.

एकविसाव्या दिवशी लाल रंग घालायचा,
मंजिष्ठाच्या गोतातला.
जिथे चुना धरलाय तिथेच तो बसतो.
पहिल्या दोन रांगांत तुरळक शिंतोडे,
तिसरीत ठिपके, गाठी,
कुणी कुंकवाचा करंडा सांडल्यासारखे.
इशबेल वाकून बघते, पुटपुटते,
ताटलीतलं ताटलीत, सुनेत्रा, माणूस वेगळं.
बरोबर आहे. मी वहीत तेच लिहिते.

गेल्या मंगळवारी फॉरेस्टरहिलला
मी पालथ्या पुलासारख्या यंत्राखाली पडून राहिले.
उणे दोन पूर्णांक तीन.
ठिसूळ नाही, पण वाटेवर, असं ती मुलगी म्हणाली,
जिचं स्वतःचं मनगट पोलादासारखं होतं.
त्याच रेणूची गोळी आता माझ्याही पर्समध्ये,
दुसऱ्या एकीच्या जोडीने.
रात्री जेवणानंतर घेते
आणि यकृताला सांगावंसं वाटतं,
बाई, तुला जे नाव ठेवायचं ते ठेव,
फक्त त्या गवंड्यांपर्यंत पोचव.
तीस वर्षं इथे हाडाची टेक्निशियन म्हणवून घेतलं,
माझी हाडं तेव्हा कुठे बघितली कुणी.

संध्याकाळी साडेतीनला अंधार.
सीगल फ्रीजरच्या अलार्मसारखे ओरडतात,
फ्रीजर सीगलसारखा, मी दोनदा उठून बघते.
मग वहीच्या शेवटी सही.
पेन आपसूक "बिं" एवढं लिहून जातं.
इथला नियम असा :
व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही,
चुकलेलं एकाच रेघेने खोडायचं,
खालचं वाचता आलं पाहिजे.
रेघ मारते.
बाजूला तारीख घालते.